गजकर्ण जात का नाही? एका तक्रारीतले चार प्रश्न

मी बुरशीवर पीएच.डी. करते आहे हे कळलं की नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो. "अगं, आमच्या पोराचं गजकर्ण जातच नाही. काहीतरी सांग ना लावायला." मी औषधाची डॉक्टर नाही आणि विद्यापीठाची व्हायलाही अजून वेळ आहे, त्यामुळे काय लावायचं ते मी सांगत नाही. त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन जा, एवढंच म्हणते. पण त्या वाक्यातले "जातच नाही" हे दोन शब्द डोक्यात राहतात. ते कशामुळे जात नाही, याचं एक उत्तर नाही. निदान चार उत्तरं आहेत आणि प्रत्येकाचा पुरावा वेगळ्या ठिकाणी शोधावा लागतो.

तुमच्यापैकी बरेच जण पेट, सेट, नेटची तयारी करत असाल. मुलाखतीत "कशावर काम करायचंय?" असं विचारलं की आपण म्हणतो, "त्वचारोगांवर", "बुरशीवर", "औषधांच्या रोधावर". हे विषय झाले, प्रश्न नव्हेत. विषयातून प्रश्न कसा काढायचा हे नुसत्या व्याख्या पाठ करून कळत नाही, म्हणून आज एक खरं उदाहरण घेऊ. मुलांमध्ये आणि कॉलेजवयीन पोरांमध्ये सर्रास दिसणारा, सगळ्यांना माहीत असलेला आणि तरीही गेल्या दहाएक वर्षांत संशोधकांना बुचकळ्यात टाकणारा आजार: गजकर्ण.

आधी ओळख करून घेऊ

गजकर्ण म्हणा, नायटा म्हणा, हिंदीत दाद म्हणा. इंग्रजी नावात किडा असला तरी यात किडाबिडा काही नसतो. ही बुरशी असते. डर्मॅटोफाइट नावाच्या बुरशींचा एक गट आहे. केस, नखं आणि त्वचेचा सगळ्यात वरचा मृत थर ज्या प्रथिनाने बनलेला असतो, ते केरॅटिन हे त्यांचं अन्न. ते पचवायला लागणारी एन्झाइम्स या बुरशींकडे असतात. बहुतेक प्राणी आणि सूक्ष्मजीव जे खाऊ शकत नाहीत त्यावर यांचं पोट भरतं, म्हणून आपलं अंग त्यांना आयतं रान मिळतं.

गोल चकती का दिसते? बुरशी एका जागी रुजते आणि चारी बाजूंना पसरत जाते. पसरणाऱ्या कडेवर शरीराची प्रतिकारशक्ती तिच्याशी झुंजत असते, म्हणून कड लाल, उंच आणि खाजरी असते. मधला भाग तोवर निवळू लागतो. म्हणजे चट्ट्याची कड ही चालू लढाईची रेषा आहे. नमुना घ्यायचा असेल तर तो नेहमी कडेवरून घ्यायचा, याचं कारणही हेच.

लहान मुलांमध्ये या गटातल्या काही बुरशी डोक्यात शिरतात. तिथले केस मुळाशी तुटतात आणि टक्कल पडल्यासारखा गोल डाग दिसतो. मोठ्या मुलांमध्ये जांघा, कंबर, काखा या घामाच्या जागा पहिल्या. घट्ट जीन्स, न वाळलेले कपडे, होस्टेलवर एकाच्या टॉवेलने चौघांनी अंग पुसणं, तालमीत अंगाला अंग घासणं हे सगळं बुरशीच्या पथ्यावर पडतं. पावसाळा आला की मग विचारायलाच नको.

जुन्या पाठ्यपुस्तकांत यावर फारशी चर्चा नसायची. अंगावरचं साधं गजकर्ण दोन ते चार आठवड्यांच्या उपचाराने जातं, असा सर्वसाधारण हिशेब होता. साधारण २०१०नंतरच्या दशकात भारतातले त्वचारोगतज्ज्ञ वेगळंच सांगू लागले. चट्टे मोठे, अंगभर, बरे होऊन परत येणारे आणि घरातल्या सगळ्यांना झालेले. लहान मुलंही त्यातून सुटेनात. "जातच नाही" ही घरगुती तक्रार इथे शास्त्रीय प्रश्न झाली.

पहिला प्रश्न: हे गजकर्णच आहे का?

हा प्रश्न इतका साधा आहे की लोक तो वगळूनच पुढे जातात. गोल चट्टा दिसला की गजकर्ण, असं समीकरण डोक्यात बसलेलं असतं. पण इसबाचा एक प्रकार नाण्यासारखा गोल उठतो. पिटिरियासिस रोझिया नावाच्या, बहुधा तरुण वयात होणाऱ्या आजाराची सुरुवात एकाच मोठ्या अंडाकृती चट्ट्याने होते आणि मग अंगभर छोटे चट्टे येतात. सोरायसिस गोल दिसू शकतो. लहान मुलांच्या गालांवर येणारे फिकट डाग, ज्यांना बघून आजी "पोटात जंत झालेत" म्हणते, ते बहुतेक वेळा पिटिरियासिस अल्बा असतात, म्हणजे इसबाचाच एक सौम्य भाऊबंद. आणि छातीपाठीवरची शिबं ही बुरशीचीच असली तरी ती मॅलॅसेझिया नावाची वेगळी बुरशी आहे, डर्मॅटोफाइट नव्हे.

यातल्या इसबाला बुरशीचं औषध लावून काही होणार नाही. मग "औषध लागू पडलं नाही" हे वाक्य खरं असूनही त्यावरून बुरशीबद्दल काहीच सिद्ध होत नाही, कारण तिथे बुरशी नव्हतीच.

हे तपासायची पद्धत शंभरेक रुपयांच्या रसायनात बसते. कडेवरचा कोंडा खरवडून काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं १० ते २० टक्के द्रावण टाकायचं. त्वचेच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात, बुरशीचे तंतू टिकतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते फांद्या फुटलेल्या दोऱ्यांसारखे दिसतात. एक लक्षात ठेवा: तंतू दिसले तर बुरशी आहे, पण दिसले नाहीत म्हणजे ती नाहीच, असं म्हणता येत नाही. रुग्णाने आदल्या दिवशीच मलम चोपडलं असेल किंवा खरवडताना जागा चुकली असेल तर हाती काही लागत नाही.

दुसरा प्रश्न: योग्य औषध, पुरेसं आणि पुरेसे दिवस मिळालं का?

आपल्याकडे गजकर्णाचा पहिला डॉक्टर म्हणजे मेडिकलवाला. पोरगं जांघेत खाजतंय, लाजेने घरी सांगत नाही, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हणतं. जी ट्यूब हातात येते तिच्यात कित्येकदा तीन-चार औषधं एकत्र असतात: एक बुरशीचं, एक-दोन जिवाणूंची आणि एक जोरदार स्टेरॉइड, उदाहरणार्थ क्लोबेटासोल. क्लोबेटासोल हे त्वचेवर लावायच्या सर्वांत तीव्र स्टेरॉइडांपैकी एक आहे.

आता गंमत बघा. स्टेरॉइड दाह आणि खाज दाबतं. एक-दोन दिवसांत आराम पडतो, लाली उतरते. पोरगं खूश. पण खाज आणि लाली ही शरीराच्या लढाईची खूण होती. स्टेरॉइडने सैन्यालाच झोपवलं आणि बुरशीला मोकळं रान मिळालं. ट्यूब बंद केली की सगळं दुप्पट जोराने वर येतं, मग पुन्हा तीच ट्यूब. शिवाय चट्ट्याचं रूपही बदलतं: कड पुसट होते, वर्तुळात वर्तुळं दिसतात, आणि डॉक्टरांनाही पटकन ओळखू येत नाही. या वेषांतर केलेल्या गजकर्णाला वैद्यकात टिनिया इन्कॉग्निटो म्हणतात. हे नाव १९६८ साली ब्रिटनमधल्या आयव्ह आणि मार्क्स या दोन डॉक्टरांनी दिलं. म्हणजे अडचण नवी नाही, आपल्याकडे तिचं प्रमाण नवं आहे.

इथे खरं नुकसान कुणाचं होतं? वाढत्या वयातल्या मुलांचं. मांड्यांच्या आतल्या बाजूला, जांघेत, काखेत महिनोन्महिने तीव्र स्टेरॉइड लावलं तर त्वचा पातळ होते आणि तिथे रुंद, लालसर-जांभळे स्ट्रेच मार्क्स उमटतात. बुरशी पुढे कधीतरी जाते, पण हे व्रण जात नाहीत; काळाबरोबर फिकट होतात एवढंच. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला ही खूण आयुष्यभर बाळगावी लागते, आणि तीही एका ट्यूबपायी. अगदी लहान बाळांचा धोका आणखी वेगळा आहे. त्यांच्या वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असतं, त्यामुळे लावलेलं स्टेरॉइड रक्तात उतरण्याचं प्रमाणही जास्त आणि शरीराची स्वतःची संप्रेरकं दबण्याची शक्यताही.

पण म्हणून स्टेरॉइड म्हणजे विष, असं समजू नका. इसबावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली तेच उत्तम औषध असतं. औषध वाईट नाही, निदानाशिवाय दिलेलं औषध वाईट. पहिला प्रश्न वगळला की दुसरा कसा चिघळतो ते इथे दिसतं.

सरकारने यावर हालचाल केली आहे. २०१८ मध्ये त्वचेवर लावायच्या अनेक स्टेरॉइडांना डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट लागू झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ ठरावीक औषधमिश्रणांवर बंदी आली. त्यांत त्वचेच्या अशा मिश्र मलमांचाही समावेश होता. कायदा कागदावर येणं आणि दुकानाच्या काउंटरवर पोहोचणं यात किती अंतर आहे, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय होऊ शकतो आणि त्यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही.

दुसऱ्या प्रश्नाची आणखी एक बाजू: खाज थांबली म्हणजे बरं झालं, असं समजून औषध मध्येच सोडणं. बुरशी त्वचेच्या वरच्या थरात असते आणि तो थर पूर्ण बदलायला काही आठवडे लागतात. खाज त्याच्या खूप आधी थांबते.

तिसरा प्रश्न: बुरशीच औषधाला दाद देत नाही का?

आता आपण प्रयोगशाळेत आलो. टर्बिनाफाइन हे गजकर्णावरचं एक मुख्य औषध. बुरशीच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल नावाचा घटक असतो, आपल्या पेशींत त्या जागी कोलेस्टेरॉल असतं. एर्गोस्टेरॉल बनवण्याच्या साखळीत स्क्वालिन इपॉक्सिडेज हे एन्झाइम लागतं. टर्बिनाफाइन नेमकं त्या एन्झाइमला जाऊन चिकटतं. एर्गोस्टेरॉल बनत नाही, पेशीत स्क्वालिन साठत जातं आणि बुरशी मरते.

भारतातल्या नमुन्यांत संशोधकांना या एन्झाइमच्या जनुकात बदल सापडले. सर्वांत जास्त चर्चा झालेला बदल ३९७व्या जागेवरचा आहे: तिथे फिनाइलअलानिनऐवजी ल्यूसिन येतं. ३९३व्या जागेवरचे बदलही नोंदले गेले आहेत. कुलपाची एक खाच बदलावी आणि किल्ली फिरेनाशी व्हावी, तसं काहीसं. एन्झाइम आपलं काम करत राहतं, पण औषध त्याला नीट चिकटत नाही.

ही बुरशी नेमकी कोणती, यावरही बराच वाद झाला. पूर्वी भारतात ट्रायकोफायटॉन रुब्रम जास्त सापडायची, नंतर ट्रायकोफायटॉन मेंटाग्रोफाइट्स गटातल्या एका प्रकाराने बाजी मारली. २०२० साली जपानमधल्या कानो आणि सहकाऱ्यांनी, तिथे उपचार घेणाऱ्या एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या नमुन्यांवरून, तिला स्वतंत्र प्रजाती म्हणून ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव दिलं. पेट्री डिशमधल्या वाढीवरून ती जवळच्या प्रजातींपासून खात्रीने वेगळी काढता येत नाही. त्यासाठी डीएनएचा आयटीएस नावाचा भाग वाचावा लागतो. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातल्या एकीने अलीकडे परदेश प्रवासच केलेला नव्हता. म्हणजे ही बुरशी तिथे स्थानिक पातळीवर पसरत असण्याची शक्यता होती. आपल्याकडे ज्याला "साधं गजकर्ण" म्हणून झटकून टाकतात, त्यावर आता जगभरच्या प्रयोगशाळा काम करताहेत.

रोध मोजायचा कसा? औषधाच्या वाढत्या मात्रा असलेल्या खाचांमध्ये बुरशी वाढवायची आणि ज्या सर्वांत कमी मात्रेला तिची वाढ थांबते ती मात्रा नोंदवायची. हीच एमआयसी, म्हणजे किमान रोधक मात्रा. हा आकडा छान, नेमका दिसतो आणि म्हणूनच तो फसवतो. खाचेतल्या द्रावणात घाम नसतो, प्रतिकारशक्ती नसते, केरॅटिनचे थर नसतात आणि औषध विसरणारा पोरगाही नसतो. एमआयसी जास्त असलेला रुग्ण बरा होऊ शकतो आणि कमी असलेला बरा न होऊ शकतो.

हाच इशारा आपल्या एम.एस्सी.च्या एका लाडक्या प्रकल्पालाही लागू होतो. टाकळ्याचा पाला गजकर्णावर लावायची जुनी पद्धत आहे. संस्कृतात टाकळ्याला दद्रुघ्न, म्हणजे दद्रु घालवणारा, असंही म्हणतात. दरवर्षी कुणी ना कुणी पानांचा अर्क काढतं, पेट्री डिशमध्ये खाच पाडून ओततं, भोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं आणि निष्कर्षात लिहितं, "टाकळा गजकर्णावर गुणकारी आहे." थांबा. तुम्ही एवढंच दाखवलंत की इतक्या तीव्रतेचा अर्क डिशमध्ये या बुरशीची वाढ रोखतो. त्वचेत तो किती शिरतो, मुलांच्या त्वचेची आग करतो का, चट्टा घालवतो का, यातलं काहीही अजून विचारलेलं नाही. प्रयोग वाईट नाही, पण निष्कर्ष प्रयोगापेक्षा मोठा आहे.

चौथा प्रश्न: गेलं नाही, की जाऊन परत आलं?

"जातच नाही" आणि "परत परत येतं" हे घरी बोलताना एकच असतं. संशोधनात ती दोन वेगळी टोकं आहेत. पहिल्यात उपचार फसला. दुसऱ्यात उपचार कदाचित उत्तम झाला आणि संसर्ग नव्याने झाला.

नव्याने कुठून? घरातूनच. बुरशीचे टिकाऊ बीजाणू गळालेल्या कोंड्यातून कपड्यांवर, चादरींवर, टॉवेलवर राहतात. कपडे ६० अंश सेल्सिअसला धुतले तर बुरशी मरते आणि ३० अंशांना धुतले तर उरू शकते, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्याकडे कपडे बहुधा नळाच्या थंड पाण्याने धुतले जातात आणि पावसाळ्यात घरातल्या दोरीवर अर्धवट वाळतात. त्यात बाबांना तोच आजार असतो, पण "मला काही होत नाही" म्हणून ते उपचार घेत नाहीत. मुलगा बरा होतो, बाबांच्या टॉवेलने अंग पुसतो आणि महिन्याभराने पुन्हा डॉक्टरांच्या दारात.

अशा वेळी संशोधनाचं एकक बदलावं लागतं. आपण एकेक रुग्ण मोजत बसतो, पण मोजायला हवं ते घर. एका घरातल्या सगळ्यांचे नमुने घेऊन त्यांचा डीएनए ताडून पाहिला, तर संसर्ग कुठून कुठे गेला असेल याचा अंदाज बांधता येतो. इथेही एक मेख आहे. इंडोटिनीचे नमुने आपापसांत इतके सारखे असतात की एकट्या आयटीएसवरून "हीच बुरशी बाबांकडून मुलाकडे आली" असं छातीठोक सांगता येणार नाही. त्यासाठी अख्खा जीनोम वाचण्यासारखी जास्त बारीक पद्धत लागेल.

आता एक आकडा वाचू

हे चार प्रश्न हाताशी ठेवून एक खरी चाचणी बघू. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी गजकर्णाच्या २०० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक चार गट केले. प्रत्येक गटात ५० जण आणि प्रत्येक गटाला पोटातून घ्यायचं एकेक औषध. निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. आठ आठवड्यांनी बरे झालेले असे: इट्राकोनॅझोल ३३, फ्लुकोनॅझोल २१, टर्बिनाफाइन १४, ग्रिसिओफल्व्हिन ७. टक्क्यांत सांगायचं तर ६६, ४२, २८ आणि १४.

आता हा आकडा कुणी असा सांगेल: "भारतात टर्बिनाफाइनला ७२ टक्के बुरशी रोधक झाली आहे." ऐकायला सरळ वाटतं. पण चाचणीने मोजलं ते बरे झालेले आणि न झालेले रुग्ण, रोधक बुरशी नव्हे. न बरे झालेल्या ३६ जणांत कुणाची बुरशी रोधक असेल, कुणी गोळ्या चुकवल्या असतील, कुणी जोडीला दुकानातली ट्यूब लावली असेल, कुणाला घरातून नव्याने लागण झाली असेल. बरा झाला नाही, हा एकच निकाल आणि त्यामागे आपले सगळे प्रश्न दडलेले. ते वेगळे काढायचे तर प्रत्येक रुग्णाची एमआयसी, जनुकातला बदल, गोळ्यांचा हिशेब आणि घरची परिस्थिती, हे सगळं एकाच वेळी नोंदवावं लागेल.

दुसरी गोष्ट, ५० हा आकडा. ५० पैकी १४ म्हणजे २८ टक्के, पण ९५ टक्के विश्वासमर्यादा काढली तर ती साधारण १७ ते ४२ येते. इट्राकोनॅझोलची ५२ ते ७८. या दोन पट्ट्या एकमेकांना शिवत नाहीत, म्हणून त्यांच्यातला फरक भक्कम वाटतो. फ्लुकोनॅझोलची पट्टी २९ ते ५६ आहे, ती दोन्हीकडे थोडी थोडी घुसते. त्यामुळे "फ्लुकोनॅझोल टर्बिनाफाइनपेक्षा चांगलंच" असं म्हणताना आवाज जरा खाली ठेवावा. हे गणित कागदावर दहा मिनिटांत होतं. कुठलाही पेपर वाचताना ते स्वतः करून बघायची सवय लावा.

तिसरी गोष्ट, रुग्ण आले कुठून. रोधाबद्दलचे बहुतेक अभ्यास मोठ्या इस्पितळांत होतात. जो मुलगा गावातल्या डॉक्टरांच्या पहिल्याच मलमाने बरा झाला, तो मोठ्या इस्पितळात येतच नाही. तिथे येतात ते चार ठिकाणी फिरून थकलेले. त्यांच्यातलं रोधाचं प्रमाण अख्ख्या जिल्ह्याचं समजलं तर चित्र फुगलेलं दिसणार. टक्केवारी वाचताना अंशाआधी छेद बघा.

तक्रारीपासून प्रश्नापर्यंत

आता सुरुवातीच्या "गजकर्णावर काम करायचंय" या वाक्याचं काय होतं ते पाहा. त्यातून असे प्रश्न निघतात:

१. एका तालुक्यात गजकर्ण म्हणून उपचार घेणाऱ्या मुलांपैकी किती जणांच्या चट्ट्यात सूक्ष्मदर्शकाखाली खरोखर बुरशी दिसते?

२. तपासणीला येण्याआधी किती जणांनी स्टेरॉइड असलेलं मलम वापरलं होतं आणि ते कुणाच्या सल्ल्याने?

३. त्यांच्या नमुन्यांतल्या बुरशीची टर्बिनाफाइनसाठीची एमआयसी किती आणि स्क्वालिन इपॉक्सिडेजच्या जनुकात बदल आहे का?

४. पूर्ण बरं झाल्यावर तीन महिन्यांत किती जणांना परत होतं? घरातल्या सगळ्यांवर एकदम उपचार केले तर हे प्रमाण घटतं का?

प्रत्येक प्रश्नाला वेगळी पद्धत, वेगळी साधनं, वेगळा खर्च. पहिल्यासाठी चांगला सूक्ष्मदर्शक आणि सरावलेले डोळे पुरतात. दुसऱ्यासाठी प्रश्नावली आणि विश्वास: मुलगा आईसमोर जांघेतल्या चट्ट्याबद्दल खरं सांगेलच असं नाही. तिसऱ्याला सुसज्ज लॅब लागते. चौथ्याला चिकाटी, कारण लोक बरे झाल्यावर फोन उचलत नाहीत.

मुलांवर काम म्हणजे नैतिकता समितीची परवानगी आलीच. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते आणि शिवाय मुलाचा स्वतःचा होकारही: सात ते बारा वर्षांच्या मुलांचा तोंडी, त्यापुढच्यांचा लेखी. अनेकांना हा कागदी सोपस्कार वाटतो. तसा तो नाही. ज्या आजाराबद्दल पोरं घरीसुद्धा बोलत नाहीत, त्याबद्दल "तुला हे करायचं आहे का? नाही म्हणालास तरी उपचार मिळतील" असं त्यांना कुणीतरी पहिल्यांदाच विचारत असतं.

संशोधक म्हणून आपण लगेच कुणाचं गजकर्ण घालवणार नाही. पण "जातच नाही" या शब्दांवर समाधान मानलं की उपाय एकच सुचतो: आणखी जोरदार ट्यूब. चार प्रश्न वेगळे केले की कुणाला फक्त योग्य निदान हवं, कुणाला पूर्ण दिवसांचा उपचार, कुणाला वेगळं औषध आणि कुणाला घरातल्या सगळ्यांसकट उपचार हवेत, हे दिसू लागतं. तोवर घरी कुणी विचारलं तर एवढं नक्की सांगा: दुकानातून विचारून ट्यूब आणू नका, आधी लावलेली ट्यूब डॉक्टरांना न लाजता दाखवा, खाज थांबली तरी सांगितलेले दिवस पुरे करा आणि टॉवेल ज्याचा त्याचा ठेवा.

आणि या आठवड्यात स्वतःसाठी एक काम करा. तुमच्या विषयातली अशीच एक तक्रार घ्या, "पीक वाढत नाही", "पाणी गढूळ येतं", "मुलं वाचत नाहीत", काहीही. तिच्यात किती वेगळे प्रश्न लपलेत ते कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे लिहा की नेमकं काय दिसलं तर तुम्ही तो प्रश्न बाद कराल. हा शेवटचा रकाना भरता आला की मुलाखतीच्या टेबलापलीकडच्यांना सांगायला तुमच्याकडे विषय नाही, प्रश्न असेल.